पात्याचं टोक वळतं तेव्हा

सेस्ना १७२ स्वतःच्या चाकांवर हँगरपर्यंत आलं होतं, म्हणून सगळ्यांना ते धड वाटत होतं. सोलोवर गेलेल्या विद्यार्थ्याचं लँडिंग उसळलं, घाबरून त्याने योक पुढे दाबला आणि दुसऱ्या वेळी विमान नोजव्हीलवरच आपटलं. प्रॉपच्या दोन्ही पात्यांची टोकं पेरभर मागे वळली होती. बाकी रंगाला ओरखडाही नव्हता.

"सर, फक्त प्रॉपच बदलायचा ना?" पोरगा दारातूनच विचारत होता. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तास भरावे लागतात. एक विमान उभं राहिलं की सगळ्या बॅचचे तास अडतात. व्यवस्थापकांनीही तेच विचारलं, जरा वरच्या आवाजात. पण विमान उडण्याजोगं आहे असं लिहून खाली सही मला करायची होती.

मी प्रॉपकडे गेलोच नाही. आधी काउलिंग, म्हणजे इंजिनाचं आवरण, खालून काढायला लावलं. नोजव्हीलचा स्ट्रट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बसवलेला असतो, त्यामुळे आपटल्याचा जोर सरळ तिथे पोचतो. टॉर्च समोरून मारला तर पत्रा सपाटच दिसतो; तो पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका धरावा लागतो. तसा धरल्यावर स्ट्रटशेजारी सुरकुती दिसली आणि तिच्या कडेला दोन रिव्हेटांची डोकी कललेली. सैल रिव्हेट बरेच दिवस थरथरत राहिला, की त्याच्यामागे काळपट भुकटीचा ओघळ उठतो. इथे ओघळ नव्हता. सुरकुती ताजी होती.

तोवर सहकाऱ्याने क्रँकशाफ्टच्या फ्लँजला डायल गेज लावला होता. काटा मर्यादेत राहिला आणि हँगरमध्ये सुटकेचे सुस्कारे ऐकू आले. मला मात्र काळजी होती ती इंजिनाच्या मागच्या टोकाची. पातं जमिनीला लागतं तेव्हा इंजिन जोरात फिरत असतं आणि अचानक अडल्याचा हिसका शाफ्टभर मागे जातो. तिथला गिअर एका बोल्टने आणि एका छोट्या डॉवेल पिनेने धरलेला असतो. कॅमशाफ्ट, मॅग्नेटो, ऑइल पंप, सगळं त्याच्यावर चालतं. तो निसटला की इंजिन हवेत बंद. फ्लँज सरळ असल्याने त्या बोल्टबद्दल काहीच कळत नाही. म्हणूनच अशा इंजिनांना प्रॉप स्ट्राइकनंतर तो गिअर तपासणं अमेरिकेच्या एफएएने २००४ च्या आदेशाने सक्तीचं केलं, आणि इंजिन उतरवून पूर्ण उघडा, असं इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगचं बुलेटिन सांगतं.

"जमिनीवर अर्धा तास चालवून बघू या का?" असंही सुचवून झालं. मी नको म्हटलं. तडा गेलेला बोल्ट जमिनीवर अर्धा तास सहज टिकेल. तो कधी तुटेल हे कुणी सांगावं?

विद्यार्थ्याला आत बोलावून त्या सुरकुतीवरून बोट फिरवायला सांगितलं. त्यानंतर त्याने तासांचा विषय काढला नाही. इंजिन ओव्हरहॉलला गेलं, फायरवॉलचं काम दुरुस्ती-मॅन्युअलनुसार झालं. बॅच रखडली आणि पालकांची बोलणी मीही ऐकली.

आता कुणी जुनं विमान विकत घेण्याआधी मला दाखवायला आणलं, की मी लॉगबुकात प्रॉप बदलल्याची नोंद शोधतो. तिच्या आगेमागे इंजिन उघडल्याची नोंद नसेल, तर प्रॉप का बदलला याचं कागदोपत्री उत्तर मिळेपर्यंत काउलिंगलाही हात लावत नाही.