बाबांची आरएक्स

नावात शंभर असलं, तरी यामाहा आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं. आमची १९९३ ची. हल्ली चढावर धापा टाकायची, किक लोण्यासारखी खाली जायची. म्हणजे कॉम्प्रेशन गेलं! 'विकून टाका,' गॅरेजवाला म्हणाला. बाबा गप्प. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी ती चालवलेली नाही, पण रोज फडकं मारतातच.

मग काय, रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेपर पसरले. टू-स्ट्रोकचं बरं असतं, बॉस. व्हॉल्व्हची भानगडच नाही. हेड काढा, सिलिंडर उचला, खाली पिस्टन. क्रँककेसच्या तोंडात आधी फडकं कोंबायचं, काही आत पडलं की संपलंच. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर. तो लाकडी पट्टीनं खरवडला. ॲल्युमिनियमवर स्क्रू ड्रायव्हर चालवायचा नसतो.

रिंगा मात्र पार झिजलेल्या. नव्या रिंगेचं तोंड खाचेतल्या बारीक पिनवरच बसावं लागतं, नाहीतर ती पोर्टमध्ये अडकून तुटते. इथे बाबांनी चष्मा लावला. 'सरक.' हात थरथरत होते, पण दोन्ही रिंगा बसल्या.

पाचव्या किकला निळा धूर. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. बाबा म्हणाले, 'रेस करू नकोस. रिंगा नव्या आहेत.'