रस्ता कोणाच्या बापाचा?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची वेळ, पुण्यातला सिंहगड रोड. मी दुचाकीवर सिग्नलला थांबलो होतो. समोर झेब्रा क्रॉसिंगवरून एक सफाई कामगार ताई कचऱ्याची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्या मध्यावर असतानाच सिग्नल हिरवा झाला. माझ्या शेजारच्या मोठ्या गाडीने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. काच खाली झाली आणि आवाज आला, "ए, रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"

ताईंनी घाईने ढकलगाडी ओढली. वरचा झाडू खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या आणि तेवढ्यात ती गाडी त्यांच्या अगदी जवळून निघून गेली. मी काय केलं? काहीच नाही. मागून हॉर्न वाजत होते, मीही निघालो. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

शहरातल्या रस्त्यावर एक उतरंड आहे. मोठी गाडी लहान गाडीला दाबते, लहान गाडी रिक्षाला, रिक्षा दुचाकीला. दुचाकीवाला फुटपाथवर गाडी चढवतो आणि पायी चालणाऱ्यालाच हॉर्न देतो. प्रत्येकाला वरच्याचा राग येतो, पण उतरंड मोडावी असं वाटत नाही, कारण दाबायला आपल्याही खाली कुणीतरी असतं. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती याहून वेगळी कशी चालते?

कुणी म्हणेल, "प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? त्या गाडीवाल्याने जात विचारली होती का?" नाही विचारली. पण काचेआड बसून, समोर झाडू दिसताच 'ए' आणि 'तुझ्या' तोंडात कुठून येतं? तिथे एखादी गृहिणी नातवाला शाळेत सोडायला निघाली असती, तर हॉर्न कदाचित तेवढाच वाजला असता, पण बाप निघाला नसता.

आणि हे पुणं आहे. पेशवाईत याच शहरात अस्पृश्याला गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून रस्त्यावर यावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये नोंदवलं आहे. रस्ता कुणाचा, हा प्रश्न आपल्यासाठी वाहतुकीपुरता कधीच नव्हता. म्हणून तर संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांसोबत 'रस्ते' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. २०१७ चे मोटार वाहन चालनाचे नियमही तेच सांगतात: झेब्रा क्रॉसिंगवर वाहनाने थांबायचं, माणसाला आधी जाऊ द्यायचं. म्हणजे त्या सकाळी रस्ता ताईंचा होता. मेहेरबानीने नव्हे, हक्काने.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यातले किती जण गाडीवर निळा स्टिकर लावून उलट्या दिशेने गाडी घालतात? जयंतीला सायलेन्सर काढून, ट्रिपल सीट, दवाखान्यासमोरून कोण जातं? रिकाम्या चौकात सिग्नल मीही तोडला आहे. तेव्हा माझ्या नंबर प्लेटच्या वर 'जय भीम' लिहिलेलं होतं. उतरंडीतली आपली पायरी थोडी वर सरकली की खालच्याला हॉर्न द्यायचा असेल, तर आपण उतरंड मोडत नाही, फक्त जागा बदलतो.

बंधुता हा शब्द आपण भाषणात फार वापरतो. ती पट्ट्यांच्या दोन हात अलीकडे ब्रेक दाबण्यातही असते. पायी चालणारा माणूस पूर्ण पलीकडे पोहोचेपर्यंत गिअर न टाकण्यात असते. मी आता तेवढं करतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देतो.

आणि पुन्हा कुणी ताईंना तो प्रश्न विचारला, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. गाडी स्टँडला लावून सांगेन, "होय साहेब, तिच्या बापाचाच आहे. त्याने तसं संविधानात लिहून ठेवलंय."

जय भीम!