नाना गेले, पेटीची चावी आता कुणाकडे?

नानांना जाऊन चार महिने झाले. वस्तीच्या कमानीला लावलेला फ्लेक्स वाऱ्याने फाटला आणि परवा कुणीतरी तो काढून शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले होते, 'आमचा आधारवड हरपला'. मधोमध नानांचा फोटो आणि खाली एकोणीस जणांचे चेहरे. या एकोणीस जणांपैकी किती जण नानांबरोबर एकदा तरी दिवसभर तहसीलच्या पायऱ्यांवर बसले होते, हे आम्ही मोजून पाहिले. चार निघाले. त्या एकोणिसांत आमचेही चेहरे होते, म्हणून हा लेख म्हणजे दुसऱ्यांवरची टीका आहे असे कुणी समजू नये.

पुण्यानुमोदनाच्या सभेत आम्हीही बोललो. 'पोरके झालो' असे म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत, पण बायामाणसांनी डोळे पुसले. आज विचार करताना वाटते की तो शब्द चुकीचा होता. तो परत घेण्यासाठी हे लिहीत आहोत.

नव्या मुलांना नाना कोण हे सांगितले पाहिजे. १९७८ साली नाना औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकत होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळले गेले. आमच्या वस्तीतलीही काही घरे जळाली. नाना होस्टेलवरून निघून गावी आले ते घरे उभारायला आणि पुन्हा कॉलेजात गेलेच नाहीत. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. तोवर नाना दोन मुलांचे बाप झाले होते आणि त्यांच्या हातात पदवी नव्हती. या गोष्टीचे त्यांनी भांडवल केले नाही. विचारले तर म्हणायचे, "विद्यापीठाला नाव मिळालं, मला गायरान मिळालं. हिशेब फिटला."

गायरान त्यांना मिळाले नव्हते, त्यांनी ते कसले होते. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या भाषणात खेड्यातल्या भूमिहीन माणसाबद्दलची आपली खंत बोलून दाखवली होती आणि शिकलेल्यांबद्दलची निराशाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. १९६४ चा सत्याग्रह बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबरला सुरू झाला आणि देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. नानांचे वडील त्यांतले एक. म्हणजे नाना काही नवीन करत नव्हते. बापाने जिथे सोडले तिथून त्यांनी औत धरले.

आमच्या गावचे गायरान म्हणजे माळ. दगडधोंडे वेचून, बांध घालून माणसांनी त्यात बाजरी, तूर आणि नंतर कापूस घेतला. पीक उभे राहिले की गावातली जनावरे त्यात सोडली जायची. दसऱ्यानंतर निम्मी वस्ती मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायची, तेव्हा रान मोकळे सापडायचे. नानांनी नियम घातला की प्रत्येक घरातले एक म्हातारे माणूस मागे राहील आणि रोज रानात एक चक्कर मारेल. तलाठी येऊन अतिक्रमण म्हणून दंड करायचा. माणसे घाबरायची. नाना मात्र खूश व्हायचे.

"दंड भरा आणि पावती घ्या," ते सांगायचे. "सरकार आपल्याला चोर म्हणून लिहितंय? लिहू द्या. पण तारीख टाकून लिहितंय ना!"

हे वाक्य आम्हाला कळायला बरीच वर्षे लागली. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर पात्र माणसांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायची, असे त्यात होते. आता प्रश्न असा की १४ एप्रिल १९९० च्या आधी ही जमीन तुम्ही कसत होता याचा पुरावा काय? ज्याला शिक्षा म्हणून दंडाची पावती दिली होती, त्याची तीच पावती त्याचा हक्क झाली. पंचनामा, अतिक्रमणाची एक-ई नोंद, पीकपेरा, अगदी पोलिसांत झालेली तक्रार, सगळा पुरावाच. नानांनी हे सगळे कागद घरोघर फिरून गोळा केले आणि एका पत्र्याच्या पेटीत ठेवले. प्रत्येक घराचे एक गाठोडे. काही कुटुंबांच्या नावे सातबारा झाला, भोगवटदार वर्ग दोन म्हणून. उरलेल्यांचे अर्ज अजून चालू आहेत. तीस वर्षांहून जास्त काळ!

आम्ही सातजण नानांचे विद्यार्थी. विहारात संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाले की नाना आम्हाला दोन गोष्टी शिकवायचे. एक, बाबासाहेबांचे एखादे भाषण मोठ्याने वाचणे. दुसरी, अर्ज लिहिणे. अर्जात एकही शिवी नको आणि एकही विनवणी नको, असा त्यांचा दंडक होता. 'कृपावंत व्हावे' लिहिले की कागद फाडायचे. आज आमच्यातला एक वकिली करतो, दोघे मास्तर आहेत, एक पुण्यात कंपनीत आहे, एक ग्रामसेवक, दोघे गावातच. आम्हाला नोकऱ्या लागल्या त्या नानांच्या अर्जांवर हात बसल्यामुळे, असे म्हटले तर ते खोटे नाही.

आता जे सांगायचे ते सोपे नाही.

२०१७ साली नाना आम्हाला म्हणाले होते, "पोरांनो, तुमच्याकडे आता कॅमेऱ्याचे फोन आहेत. पेटीतल्या एकेका कागदाचा फोटो काढून ठेवा. कागदाचं काही खरं नसतं." आम्ही 'हो नाना' म्हणालो. पुढच्या सुट्टीत करू म्हणालो. त्या वर्षीच्या जयंतीचे चारशेच्या वर फोटो आमच्या फोनमध्ये होते, मिरवणुकीचे, डीजेचे, निळ्या फेट्यांचे. पेटीतल्या कागदाचा एकही नव्हता. पुढे २०१९ च्या निवडणुकीत कुठल्या पक्षाबरोबर जायचे यावरून आमची नानांशी वादावादी झाली. आम्ही त्यांना 'जुन्या जमान्याचे' म्हणालो. दोन वर्षे आम्हा चौघांचे त्यांच्या घरी जाणे बंद होते. कुणाची बाजू बरोबर होती हा वाद आता महत्त्वाचा नाही. ज्या पक्षासाठी आम्ही भांडलो त्याचा एकही माणूस त्यानंतर गायरानावर आला नाही, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचे आदेश दिले आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. याआधी सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल होताच. त्या निकालात सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगताना, शासनाच्या निर्णयाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद केलेला आहे, हे नोटीस देणारा सांगत नाही. ते आपणच सांगावे लागते, कागदासकट. आम्ही धावत नानांकडे गेलो. दोन वर्षांच्या अबोल्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पेटी उघडली. तळाच्या तीन गाठोड्यांना वाळवी लागली होती. १९८६ ते १९८९ च्या पावत्यांची माती झाली होती.

त्या तीन घरांपैकी एक घर एका आजीचे आहे. तिची दोन एकर बरड. नवरा ऊसतोडीला गेलेला असताना गाडीखाली सापडून मेला, तेव्हापासून तिने एकटीने ती कसली. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज केला तर 'जुने रेकॉर्ड आढळून येत नाही' असे उत्तर आले. बाकीच्या घरांचे म्हणणे कागदांनिशी दाखल झाले, तूर्त तरी त्यांच्या रानाला कुणी हात लावलेला नाही. आजीची दोन एकर मात्र आजही अधांतरी आहे. आम्ही एका सुट्टीत जे काम संपवले असते, त्याची किंमत ती मोजते आहे. हे ओझे वाळवीवर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही.

चूक फक्त आमची होती का? नानांवरचे प्रेम बाजूला ठेवून हेही लिहिले पाहिजे. पेटीची चावी नानांच्या बंडीच्या खिशात असायची. ती त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही. 'कागद हरवतील' ही त्यांची भीती खरी होती, पण सगळा लढा एका माणसाच्या खिशात राहिला हेही खरे. आणि आम्हाला ते सोयीचे होते. 'नाना बघतील' म्हटले की आमचे काम संपायचे.

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलले. धर्मात भक्ती कदाचित मुक्तीकडे नेईल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते, असा इशारा त्यांनी दिला. त्याआधी १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलतानाही त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली होती. आपण हे इशारे कायम दुसऱ्यांना ऐकवतो. दिल्लीतल्या, मुंबईतल्या मोठ्या नेत्यांच्या भक्तांना ऐकवतो. पण भक्ती गल्लीतही असते. तिथे ती हुकूमशहा तयार करत नाही, आळशी अनुयायी तयार करते. वडाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागते का? मग नानांना आधारवड म्हणताना आम्ही त्यांचा गौरव करत होतो की आमच्या न वाढण्याची कबुली देत होतो?

आता दुसरी गोष्ट. नाना गेल्यावर सातव्या दिवशी पेटी उघडली. गाठोड्यांवर नावे नव्हती. नाना सगळे तोंडपाठ ठेवायचे. आम्ही शिकलेले सातजण कपाळाला हात लावून बसलो. तेव्हा माई, नानांच्या पत्नी, चुलीपासून उठून आल्या. त्यांनी एकेक गाठोडे हातात घेतले आणि सांगत गेल्या. हे हिरव्या लुगड्याच्या फडक्यातले वरच्या आळीतल्या अमक्याचे. हे धोतराच्या फडक्यातले त्याच्या भावाचे. एकही चुकले नाही. माईंना लिहिता-वाचता येत नाही. फडकी त्यांनीच फाडून दिली होती, गाठीही त्यांनीच बांधल्या होत्या.

"माई, तुम्हाला सगळं माहीत होतं?" आम्ही विचारले.

"मला कुणी इचारलंच न्हाई की, लेकरांनो," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

वीस वर्षे आम्ही त्यांच्या हातचा चहा प्यायलो. समतेवर त्याच ओसरीत बसून बोललो. वाळवी लागली त्या गाठोड्यांबद्दलही त्यांनी नानांना आधी सांगितले होते, पेटी भिंतीला ओल धरतेय म्हणून. नानांनी 'बघू' म्हटले होते. फ्लेक्सवरच्या एकोणीस चेहऱ्यांत माई नव्हत्या. एकही बाई नव्हती.

काही मित्र म्हणतात, वस्तीत नानांचे स्मारक करू, वर्गणी काढू. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. स्मारकाला विरोध नाही, क्रमाला आहे. जमा होणाऱ्या वर्गणीतून आधी आजीच्या अर्जाचा खर्च जाईल. गावातली जी म्हातारी माणसे त्या काळी तिच्या बांधाला बांध लावून राबत होती, त्यांची शपथपत्रे आता होत आहेत. त्यांतला एकजण ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून घाई आहे. शपथपत्रांनी पावतीची उणीव भरून निघेल का? वकील मित्र सांगतो, खात्री नाही. तरी करायचे.

पेटीतल्या सगळ्या कागदांचे फोटो काढून झाले. हे काम आमच्यापेक्षा विहारात येणाऱ्या चार मुलींनी जास्त केले, माईंना शेजारी बसवून. प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. प्रत्येक घराला त्याच्या गाठोड्याची एक झेरॉक्स दिली आहे, आणि प्रत्येक घरातल्या एका तरी बाईला त्यात काय आहे ते वाचून दाखवले आहे. चावी एकच होती, तिच्या आता तीन केल्या. एक माईंकडे, एक त्या मुलींपैकी एकीकडे, एक विहारात.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादे नाना असतील. त्यांच्या पाया पडू नका, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या घरातल्या बाईला विचारा. ते हयात असताना विचारा. आम्ही पोरके झालेलो नाही. पोरके ते, ज्यांच्यामागे काही उरत नाही. आमच्यामागे एक पेटी आहे आणि तिच्यात अजून अठरा अर्ज प्रलंबित आहेत.

येत्या सोमवारी तहसीलला तारीख आहे. ज्यांना यायचे त्यांनी सकाळी नऊला कमानीपाशी यावे. फ्लेक्स नसेल.

जय भीम.