एका रंगाचे चुकलेले वाचन

मराठी भाषेत सरड्याच्या वाट्याला मोजून दोन गोष्टी आल्या आहेत. एक त्याची कुंपणापर्यंतची धाव आणि दुसरा त्याचा बदलता रंग. दोन्हींत त्याची नालस्तीच आहे. वर्तमानपत्री लेखनात तर ‘सरड्यासारखे रंग बदलणारा’ हे विशेषण इतके झिजले आहे की ते वाचताना डोळ्यांसमोर सरडा येतच नाही, कोणीतरी पुढारीच येतो. बी.ए.च्या वर्गात प्रतिमा आणि प्रतीक यांतला फरक सांगताना कित्येक वर्षे मीही हेच उदाहरण फळ्यावर लिहीत आलो. सरडा म्हणजे दगलबाजी, इतके सोपे. 2018 च्या ऑक्टोबरात एका सरड्याने माझ्या घरी पाच दिवस काढले. त्यानंतर हे उदाहरण माझ्याने लिहवत नाही.

नेमके सांगायचे तर तो आपल्या कुंपणावरचा, गळा लाल करून मान डोलावणारा सरडा नव्हता. तो सरडगुहिरा होता, ज्याला कोणी घोयरा म्हणतात आणि इंग्रजी वळणाने शॅमेलिऑन. भारतात या कुळातली ही एकच जात आढळते. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, शेपटी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, पावलांची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली, आणि डोळे असे की एक पुढे पाहत असताना दुसरा मागे पाहू शकतो. धानोऱ्याकडून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला तो भर रस्त्यात झुलत झुलत चालताना दिसला. भोवती काठ्या घेऊन माणसे जमली होती. हा प्राणी विषारी असतो अशी आमच्या भागात पक्की समजूत आहे. वास्तविक त्याच्यात विष नाही. मुलाने तो दुपट्ट्यात गुंडाळला आणि थेट माझ्या दारात आणला. “लोकं मारूनच टाकत होते जी सर,” एवढेच तो म्हणाला.

मी त्याला ठेवून घेतले. यात दया किती आणि हौस किती, हे आज प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. पोपटाचा जुना पिंजरा होता, त्यात पेरूची फांदी अडकवली, वाटीत पाणी ठेवले आणि पिंजरा ऊन येणाऱ्या खिडकीत, पण मांजराच्या भीतीने काच बंद करून, ठेवला. विद्यार्थ्यांनी नाकतोडे आणले. पहिल्या दिवशी त्याने जीभ फेकून एक टिपला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी नेम दोनदा चुकला. तिसऱ्या दिवशी त्याने नाकतोड्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मला रोजनिशी लिहायची सवय आहे. त्या दिवसांची पाने आता वाचताना लाज वाटते. आला तेव्हा पोपटी असलेला त्याचा रंग चौथ्या दिवशी काळपट तपकिरी झाला होता. मी लिहिले, ‘रुसला आहे.’ तो फांदी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी उतरला आणि पुढच्या पायांनी कोपरा खरवडू लागला. मी लिहिले, ‘स्वातंत्र्याची ओढ.’ भर दुपारी तो डोळे मिटून बसे आणि ते डोळे खोबणीत खोल गेल्यासारखे दिसत. त्यावर मी ‘ध्यानस्थ’ असा शब्द वापरला आहे आणि त्याखाली रेघही ओढली आहे. साहित्याच्या माणसाला लक्षण दिसले की तो आधी त्याचे प्रतीक करतो. रोगी मात्र तसाच राहतो.

पाचव्या दिवशी त्याची फांदीवरची पकड सुटली. तेव्हा कुठे मी पिंजरा उचलून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांचे आयुष्य बैल आणि शेळ्या यांच्यात गेलेले. असले जनावर आपण कधी तपासलेले नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. पण त्यांनी विचारले ते प्रश्न मला पाच दिवसांत एकदाही सुचले नव्हते. पाणी कसे पितो? विष्ठेतला पांढरा भाग पांढराच आहे की पिवळा? पोट दोन्ही बाजूंनी फुगले आहे का? मग त्यांनी नागपूरला वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या आपल्या मित्राला फोन लावला आणि माझ्या रोजनिशीतले एकेक वाक्य माझ्याच तोंडून पुन्हा वदवून घेतले.

निदान असे निघाले. हा ‘तो’ नव्हताच, ती मादी होती. एरवी झाडावरून क्वचितच उतरणारा हा प्राणी अंडी घालायची वेळ आली की जमिनीवर येतो आणि ओलसर मातीत बीळ खणतो. ती रस्त्यावर आली होती ती त्यासाठी. पिंजऱ्याच्या पत्र्याला ती जे खरवडत होती ते स्वातंत्र्य नव्हते, ती माती शोधत होती. “गाय अडते ना सर, तशी ही अडलीय,” डॉक्टर म्हणाले. त्यातच तिला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, कारण हा प्राणी पानावरचे दवाचे, पावसाचे थेंब चाटतो. वाटीतले स्थिर पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. खोल गेलेले डोळे आणि विष्ठेतला पिवळटपणा ही तहानेची खूण होती. अंड्यांसाठी शरीरातला चुना खर्ची पडलेला, आणि काचेतून ऊन आले तरी अतिनील किरण जवळजवळ अडतात, त्यामुळे तो भरून निघायला लागणारे जीवनसत्त्व कातडीत तयार होत नव्हते. चुना कमी पडला की स्नायू दुबळे होतात. आधी जिभेचा नेम चुकतो, मग पकड सुटते. दिवस लांबले असते तर जबडा मऊ पडून पायांची हाडे वाकली असती. प्रत्येक खूण माझ्या वहीत तारखेनिशी नोंदलेली होती. अर्थ तेवढे सगळे चुकीचे होते.

रंगाबद्दल नंतर वाचले. जिनिव्हातील संशोधकांनी 2015 साली दाखवून दिले की मादागास्करमधल्या पँथर शॅमेलिऑनच्या कातडीतील पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातले अंतर वाढले-घटले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो. प्राणी शांत असताना स्फटिक जवळ असतात, उत्तेजित झाला की दुरावतात. म्हणजे त्याचा रंग बराचसा त्याची अवस्था सांगतो: थंडी, भय, मादीची जवळीक, आजार. ज्याच्या अंगावर आतले सगळे असे उघडे पडते त्याला आपण लबाडीचे प्रतीक केले. असो.

माझ्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी सुचवले होते, “सर, हेमलकशाला नेऊन देऊ.” गडचिरोली जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही हेच सुचेल. लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी उभे केलेले प्राण्यांचे अनाथालय आणि त्यांचे ‘रानमित्र’ हे पुस्तक आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. मीही ते प्रेमाने वाचले होते, पण वाचले ते बिबट्याच्या पिल्लाशी खेळणाऱ्या माणसाचे चित्र. त्या माणसाने आधी वैद्यकीचे शिक्षण घेतले आहे आणि त्या लळ्यामागे कित्येक वर्षांची रोजची निगा आहे, हा मजकूर मी सरसर ओलांडला असावा.

उपचार साधा होता. वन विभागाला त्याच दिवशी कळवले आणि ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहिली. एका बादलीत वीतभराहून जास्त ओलसर वाळूमाती दाबून भरली, त्यात जास्वंदीची फांदी रोवली. सलाइनची रिकामी बाटली टांगून तिच्या नळीतून पानांवर थेंब पडतील असे केले. चुन्याचे औषध नागपूरच्या डॉक्टरांनी वजन विचारून सांगितले. ती मात्रा इथे लिहीत नाही, दुसऱ्या जनावराला ती लागू पडणार नाही. जबरदस्तीने भरवू नका, असे त्यांनी बजावले. शेवटची सूचना माझ्यासाठी होती: बादलीवर कापड टाका आणि बघत बसू नका. कोणी पाहत असेल तर ती खणत नाही.

पहिल्या रात्री काही झाले नाही. दुसऱ्या सकाळी कापड उचलले तेव्हा बादलीतली माती एका बाजूला दाबून सपाट केलेली होती. ती फांदीवर होती, नाकाला चिखल, कुशी पार आत गेलेल्या. पानाच्या टोकाशी थेंब जमत होता आणि ती तो गिळत होती, किती तरी वेळ. अंडी किती आहेत हे पाहायला मी हात पुढे केला, तेव्हा डॉक्टरांनी मनगट धरले. अंडी हलली, उलटली तर आतला जीव मरतो.

दोन दिवसांनी वनरक्षक आले. त्यांनी मला सुनावले, आणि ते योग्यच होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे, त्याला घरात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि मास्तरला हे ठाऊक नसावे याचे त्यांना नवल वाटले. धानोऱ्याच्या रस्त्यावर ती जिथे सापडली होती तिथे आम्ही गेलो, तो विद्यार्थी वाट दाखवायला होता. झुडपाखाली बादलीएवढा खड्डा करून माती जशीच्या तशी उतरवली आणि तिला पळसाच्या फांदीवर सोडले. वनरक्षक जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहू लागले. जात, लिंग, अंदाजे लांबी हे झाल्यावर ते थांबले.

“रंग काय लिहू, सर?”

मी वर पाहिले. ती पानांच्या आड गेली होती. मुलाला अजून दिसत असावी. तो म्हणाला, “हिरवा लिहा जी. आता हिरवा आहे.”