पिस्तूल घ्यायचंय मला!

कुणाला स्नीकर्स जमवायचा नाद असतो, कुणाला फ्रिजवरची मॅग्नेट्स. माझी रूममेट परफ्यूमच्या रिकाम्या बाटल्या जमवते आणि दर रविवारी त्या पुसतेसुद्धा! मला मात्र गेल्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. पिस्तूल. लायटरवालं नाही, दिवाळीतलं टिकल्यांचं तर नाहीच नाही. खरंखुरं, जुनं, पहिल्या महायुद्धातलं.

थांबा, पान उलटू नका. मी कुणाचा खून वगैरे करणार नव्हते. (एका एडिटरने माझं पेमेंट सात महिने थकवलं होतं, पण ते असो!)

सुरुवात झाली एका असाइनमेंटपासून. जुन्या वस्तू जमवणाऱ्या पुणेकरांवर स्टोरी करायची होती. असेच एक गृहस्थ मित्राच्या मित्राच्या ओळखीतून सापडले. टू बीएचके फ्लॅट, भिंतीवर तलवारी, शोकेसमध्ये अडकित्ते, कंदील, पानाचे डबे. मुलाखत संपली, मी चपला घालत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "एक मिनिट, तुम्हाला एक चीज दाखवतो." आणि आतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले.

वेब्ली मार्क सिक्स. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला बनलेली, १९१५मध्ये ब्रिटिश आर्मीत दाखल झालेली. हो, माहितीये, हे टेक्निकली रिव्हॉल्व्हर आहे. पण ब्रिटिश आर्मीच्या कागदांत त्याला बिनधास्त 'पिस्टल'च म्हणायचे, त्यामुळे मीही म्हणणार. सहा इंचांची नळी. वजन किलोच्या वर, म्हणजे साखरेचं पाकीट एका हातात धरा, तेवढं. अंगठ्याने बाजूचा खटका दाबला की बंदूक मधून दुमडते आणि आतली चकती सहाच्या सहा रिकाम्या पुंगळ्या एका झटक्यात बाहेर ढकलते. सॉलिड इंजिनिअरिंग! मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी. आणि अंगावर कोरलेलं वर्ष, १९१६.

ते वर्ष वाचलं आणि माझी विकेट पडली. कारण आमच्या घरात पहिल्या महायुद्धाची एकच गोष्ट आहे आणि ती एका वाक्यात संपते. 'पणजोबा बसऱ्याला गेले होते.' बास. साताऱ्याकडचं आमचं छोटं गाव, तिथून अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उठतो आणि थेट मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये जातो, तीन वर्षांनी परत येतो आणि पुन्हा नांगर धरतो. कुठल्या पलटणीत होते, कुठे लढले, काही म्हणजे काही माहीत नाही. त्यांचा फोटो नाही. कागद नाही. 'एक मेडल होतं, ते हरवलं,' असं बाबा म्हणतात.

आणि इथे माझ्या हातात १९१६ होतं! थंडगार, वजनदार. मला वाटलं, हेच ते. आपल्या घरात नसलेला तुकडा.

"अँटिक आहे," गृहस्थ म्हणाले. "शंभर वर्षं कधीच उलटली. लायसन्स-बियसन्स काही लागत नाही. तुम्ही आवडीने बघताय म्हणून पंच्याऐंशी हजार." माझ्याकडे बाइकसाठी साठवलेले ऐंशी होते. डोक्यात फ्रेमसुद्धा तयार झाली. काचेची पेटी, मागे बॉटल ग्रीन वेलवेट, वर एक छोटा स्पॉटलाइट. ऑफिसचे लोक घरी आले की विचारणार आणि मी अगदी सहज म्हणणार, "ते होय? पणजोबा वॉरला होते ना..."

दहा हजार टोकन दिलं. कॅश. पावती? छे! अशा वस्तूंची पावती कोण मागतं?

घरी येऊन रूममेटला सांगितलं. तिने हातातली बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "तू वेडी आहेस का?" मग जरा थांबून, "आणि पोलीस आले तर भाडेकरारावर माझंपण नाव आहे, लक्षात आहे ना?"

तिच्या समाधानासाठी म्हणून मी कॅम्पातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात गेले. अशा दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. काउंटरमागे सत्तरीचे काका. मी एकदम कॅज्युअली विचारलं, "समजा, म्हणजे समजा हं, कुणाला जुनी वेब्ली मिळत असेल तर?"

काकांनी चष्मा काढला. "बेटा, आधी कुणाची ते मला सांगू नकोस. आणि आता नीट ऐक."

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर घरी येऊन स्वतः वाचलं. १९५९चा शस्त्र कायदा जुन्या, दुर्मिळ शस्त्रांना सूट देतो, हे खरं. पण त्यातल्या पंचेचाळिसाव्या कलमाचे शब्द नीट बघा. ते शस्त्र बंदूक म्हणून वापरता येता कामा नये, आहे तसं नाही आणि दुरुस्त करूनही नाही. म्हणजे नुसतं वय काढून भागत नाही. गोळी सुटू शकते का, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायचं नसतं! 'शंभर वर्षं' हा आकडा तर दुसऱ्याच कायद्यातला, पुरातन वस्तूंच्या १९७२च्या. तो मूर्तींना आणि नाण्यांना लागतो. त्याने बंदुकीचं लायसन्स माफ होत नाही.

"खटका चालत होता?" काकांनी विचारलं.

चालत होता. लोण्यासारखा.

"मग ती बंदूक आहे. आणि पॉइंट ४५५ म्हणजे फौजी बोअर. ९ एमएम, पॉइंट ३८, पॉइंट ४५५, हे सगळं प्रोहिबिटेड. सामान्य माणसाला लायसन्स काढूनही मिळत नाही."

२०१९मध्ये कायदा आणखी कडक झाला. विनापरवाना साधी बंदूक सापडली तरी कमीत कमी दोन वर्षं आत आणि प्रतिबंधित शस्त्र असेल तर सात ते चौदा. चौदा वर्षं! माझं होम लोनसुद्धा तेवढं चालणार नाही. (आधी ते मिळू दे.)

माझा चेहरा बघून काकांना दया आली असावी. म्हणाले, "वेब्लीच पाहिजे ना? नवी घे. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनते आता, पॉइंट ३२. पोलीस व्हेरिफिकेशन कर, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आण, कशाला पाहिजे त्याचं कारण दे."

कारण काय देणार? 'भिंतीवर शोभून दिसेल'?

लंडनच्या मैत्रिणीला व्हॉइस नोट टाकली. तिथे तर मिळत असेल ना, त्यांचीच वस्तू. तिने कळवलं, स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत १९९६ साली सोळा मुलं आणि एक शिक्षिका मारली गेली, त्यानंतर १९९७मध्ये त्यांनी हँडगनवर जवळपास सरसकट बंदी आणली. जिथे वेब्ली जन्मली तिथेही आता संग्राहकाच्या कपाटात बहुतेक मुकी वेब्लीच असते, कायमची बंद पाडलेली आणि तसं सर्टिफिकेट असलेली.

तर मग टोकन परत मागायला फोन केला. गृहस्थ आधी 'बघू' म्हणाले, मग 'पुढच्या आठवड्यात', मग फोनच उचलेनात. दहा हजार गेले. आणि गंमत बघा, तक्रार कुठे करणार? पोलीस चौकीत जाऊन काय सांगणार, मी बेकायदा पिस्तूल बुक केलं होतं, मला रिफंड हवाय?

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. 'मी कशी वाचले' टाइप. पण त्यानंतर जत्रेला गावी गेले आणि ओट्यावर आत्यापुढे मी हा सगळा पराक्रम सांगितला. वाटलं होतं, घाबरेल, रागावेल. आत्या नुसती हसत सुटली.

"पिस्तूल? अगं, त्ये सायबाकडं असायचं. आमच्या आज्याला कोण देतंय पिस्तूल! त्यो साधा शिपाई. त्याच्याकडं लांब बंदूक."

मी गप्पच झाले. इतकं साधं होतं. मास कॉमची डिग्री घेतलेल्या, दहा टॅब उघडून रिसर्च करणाऱ्या मला ते एकदाही सुचलं नव्हतं. वेब्ली साहेबाच्या कमरेला असायची, रायफल शिपायाच्या खांद्यावर. पंच्याऐंशी हजार देऊन मी पणजोबांची नाही, त्यांच्या साहेबाची आठवण भिंतीवर लावणार होते.

"त्याचं होतं ते मेडल," आत्या म्हणाली. "चांदीचं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडा. आम्ही पोरं खेळायचो त्याच्याशी."

"ते हरवलं ना?"

आत्याने बाबांकडे बघितलं. बाबा उठून गुरांकडे निघून गेले.

"हरवलं न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात विकलं. आप्पा सोनाराकडं गेलं तवा मी संगं होते. सोनारानं वजन केलं आन् रिबीन काढून माझ्या हातात दिली. ती मी लय दिवस येणीला बांधत हुते."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. बाबा तेव्हा सात वर्षांचे होते. घरात खाणारी नऊ तोंडं आणि विहीर कोरडी. विकलं. त्यात चुकीचं काय होतं? पण पन्नास वर्षं आमच्या घरात 'हरवलं' असंच सांगितलं गेलं. रात्री मी बाबांजवळ जाऊन बसले. ते एवढंच म्हणाले, "बापाचं मेडल विकलं, असं आप्पांना कुणाला सांगायचं नव्हतं. मग मीही नाही सांगितलं."

पुण्याला आल्यावर मी त्या मेडलबद्दल वाचायला घेतलं आणि खरा धक्का तिथे बसला. ते ब्रिटिश वॉर मेडल असणार. चांदीचं, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. आणि त्याच्या कडेवर, अगदी नाण्याच्या कडेसारख्या त्या पट्टीवर, ज्याला दिलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असायची. म्हणजे आम्हाला पणजोबांबद्दल जे माहीत नाही ते सगळं त्या कडेवर लिहिलेलं होतं. इंग्रजीत. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. सोनाराने ते वितळवलं तेव्हा त्यांची पलटणही वितळली.

आमच्या गावाच्या वेशीजवळ एक दगडी पाटी आहे. असल्या पाट्या साताऱ्याकडे आणि कोकणात बऱ्याच गावांत दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. नुसते आकडे, नावं नाहीत. तिकडे बसऱ्याला ब्रिटिशांनी मोठं स्मारक बांधलं, त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीसुद्धा. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक आकडेच. २०२१मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. हे वाचताना मला ती वेब्ली आठवली. तिच्या अंगावर नंबर नीट होता, अजून वाचता येत होता.

आता मी अधूनमधून रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाते. चार्जर, नळाच्या तोट्या, जुने कॅमेरे यांच्यामधून वाट काढत नाणीवाल्यांकडे. मेडल दिसलं की आधी राजाकडे बघत नाही, ते तिरकं करून कड वाचते. विक्रेते आता ओळखतात. "मॅडम, आडनाव काय सांगितलं होतं?" आमचं मिळणार नाही, मला माहीत आहे. ते कधीच कुणाच्या तरी पैंजणात गेलं.

पण दोन महिन्यांपूर्वी एक मिळालं. रिबीन नाही, राजाचं नाक झिजलेलं. कडेवर नंबर, मग 'सिपॉय', मग एक मराठी नाव, इंग्रजांनी वाटेल तसं लिहिलेलं, मग ११७ मराठा. ही पलटण १९१६मध्ये कूतच्या वेढ्यात होती. १४७ दिवस वेढा, शेवटी घोड्याचं मांस खाऊन दिवस काढले आणि २९ एप्रिलला सगळे शरण गेले. हा माणूस त्यांतला होता की नाही ते कडेवर लिहिलेलं नसतं. गावही नसतं. मी घासाघीस न करता घेतलं. बाइक तशीही लांबणीवर पडलीच होती.

गावी नेऊन आत्याला दाखवलं. तिने ते तळहातावर घेऊन जरा जोखलं, मग घोड्यावरून अंगठा फिरवला.

"असंच होतं. कुणाचं गं हे?"

"माहीत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांचं."

"मग नीट ठेव," ती म्हणाली. "इचारायला येतील."

ते आता माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. वेलवेट नाही, स्पॉटलाइट नाही. आणि तुम्ही या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक करा. आजीच्या ट्रंकेत तळाशी राजाचं तोंड असलेलं काही जाड, गोल सापडलं, तर सोनाराकडे नेण्याआधी त्याची कड वाचा. चष्मा लागतो, एवढंच. लायसन्स लागत नाही.