गाठ सरळ चालवताना

स्किर्मिऑन म्हणजे चुंबकीय पदार्थातल्या स्पिनांची, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म चुंबकांची, गाठ. मधला स्पिन खाली तोंड करून, कडेचे वर, आणि दोहोंमधले हळूहळू कलत गेलेले. ती सहजी सुटत नाही. म्हणून गाठ असली तर १, नसली तर ० असा हिशेब मांडता येतो. टोनी स्कर्म यांची १९६०च्या सुमाराची मूळ कल्पना अणुकेंद्रातल्या कणांसाठी होती. चुंबकात स्किर्मिऑन सापडले २००९ मध्ये, मँगनीज सिलिसाइडच्या स्फटिकात, उणे २४४ अंश सेल्सिअसच्या आसपास.

एवढ्या थंडीत व्यावहारिक उपयोग शून्य. खोलीच्या तापमानाला टिकले तर मात्र माहिती साठवायला ते कामी येतील. नवी मुंबईत वाशीच्या उत्तरेला महापे, रबाळे, ऐरोलीत डेटा सेंटरे आहेत. अशा ठिकाणी मोठा साठा आजही फिरत्या हार्ड डिस्कवर असतो. तबकडी न फिरवता विजेच्या प्रवाहाने माहितीच चुंबकीय पट्टीवरून सरकवावी, ही स्टुअर्ट पार्किन यांची २००८ मधली मांडणी. २०१३ मध्ये आल्बेर फेर आणि सहकाऱ्यांनी त्या पट्टीवर स्किर्मिऑन सुचवले.

खोलीच्या तापमानाला ते टिकवण्याची किल्ली थरांत आहे. प्लॅटिनमवर एक नॅनोमीटरहूनही पातळ कोबाल्ट आणि त्यावर वेगळ्या धातूचा थर चढवला की, दोन बाजू असमान असल्याने शेजारचे स्पिन एकमेकांशी कोन धरतात. कोबाल्ट किंचित जाड झाला तरी चुंबकत्व थराच्या पातळीत आडवे पडते आणि सगळे मुसळ केरात. नमुना जमला असेल तर चुंबकत्वाची दिशा दाखवणाऱ्या केर सूक्ष्मदर्शकात आधी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नागमोडी नक्षी दिसते; थराला लंब दिशेचे चुंबकीय क्षेत्र वाढवत गेले की पट्ट्या आक्रसून त्यांचे ठिपके होतात.

ठिपके पाडणे तुलनेने सोपे, हाकणे कठीण. प्रवाह सोडला की स्किर्मिऑन पुढे जातो आणि तिरकाही सरकतो. पट्टीच्या कडेला जाऊन नाहीसाही होऊ शकतो. थरातल्या स्फटिककणांच्या सीमांवर अडकतो ते वेगळेच. विरुद्ध चुंबकत्वाचे दोन थर जोडले तर दोघांचे तिरके सरकणे एकमेकांना रद्द करते. आजवरच्या उपायांत हाच सर्वात भरवशाचा वाटतो.

वाचनासाठी चुंबकीय टनेल जंक्शन (मधे पातळ विद्युतरोधक असलेले दोन चुंबकीय थर) हवे: खाली स्किर्मिऑन आला की रोध बदलतो. या जंक्शनांवर ठाण्याच्या खाडीपलीकडे, मुंबईतल्या पवईच्या आयआयटीत अश्विन तुळापूरकर काम करतात; २००५ मध्ये जपानमध्ये असताना त्यांनी सहकाऱ्यांसह त्यांतला स्पिन-टॉर्क डायोड परिणाम दाखवला होता. स्किर्मिऑन जितका लहान तितका साठा दाट, पण हा रोधातला फरकही तितकाच क्षीण. त्यामुळे गाठीचा आणि जंक्शनचा आकार ठरवताना साठ्याची घनता आणि वाचनाची खात्री यांत कुठेतरी तडजोड करावीच लागते.