शोधता कुणाला येते?

कार्यकर्त्यांच्या बैठकीत "आपल्याकडे डेटा हवा" असे हल्ली सगळेच म्हणतात. डेटा आहे हो! वस्तीवस्तीत फॉर्म भरून घेतले, सर्व्हे केले, वह्या भरल्या. पण एखादी आई दारात उभी राहून विचारते, "ताई, माझ्या पोरीच्या दाखल्याचा नंबर काय होता?" आणि तो आपल्याला दोन मिनिटांत काढून देता येत नसेल, तर त्या डेटाचा तिला काय उपयोग?

आमच्या संस्थेने एका सॉफ्टवेअरवाल्याकडून प्रोग्राम करून घेतला होता. त्यातून त्याने ठरवलेले चारच रिपोर्ट निघत. पाचवा हवा असेल तर त्याला फोन करायचा आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे. माहिती आपली, माणसे आपली, किल्ली मात्र तिसऱ्याच्या खिशात. ज्ञानाच्या मक्तेदारीवर आपण भाषणे देतो, पण ही मक्तेदारी आपल्याच कपाटात बसलेली असते आणि आपल्याला ती दिसत नाही.

एक्सेल पुरणार नाही का, असा प्रश्न येतोच. काही दिवस पुरते. पण एका कुटुंबात पाच माणसे, एकेकाचे तीन-तीन अर्ज, प्रत्येक अर्जाला वेगळी कागदपत्रे, असे सगळे एकाच तक्त्यात कोंबले की त्याच बाईचा पत्ता पंधरा ठिकाणी येतो आणि पंधरापैकी नऊ ठिकाणी तो जुना असतो. कुटुंब, सदस्य आणि अर्ज असे तीन वेगळे तक्ते करून ते क्रमांकाने जोडायला डेटाबेस लागतो. तो काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप न करता, डोळ्यांना दिसेल असा चालवायचा, आणि शोधण्याची सोय त्यातच हवी, एवढीच माझी अट होती.

मी चार-पाच साधने चालवून पाहिली. पीएचपीमायअॅडमिनमध्ये अख्ख्या डेटाबेसवर चालणारा 'सर्च' आहे. एक शब्द टाकला की कोणत्या तक्त्यात तो किती वेळा सापडला ते दिसते. पण त्यासाठी आधी संगणकावर सर्व्हर उभा करावा लागतो, आणि आमच्या कार्यालयात वीज टिकली तरी पुष्कळ. डीबीव्हरमध्येही हवे ते तक्ते निवडून सगळ्यांत एकदम शोधता येते, मात्र त्यातली बटणांची गर्दी पाहून नव्या मुली घाबरतात. शेवटी टिकले ते 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक रिकामी चौकट असते. तिच्यात दोन अक्षरे टाकली की खालच्या ओळी गळत जातात. एका वेळी एकाच तक्त्यात शोधता येते, ही मर्यादा आहे. पण दहावी शिकलेली आमची कार्यकर्ती ते एका दुपारी शिकली, आणि मला ती कसोटी मोठी वाटते.

साधन मिळाले म्हणजे शोध लागला असे मात्र नाही. खरी गंमत पुढे आहे. यंत्र अक्षर पाहत नाही, अक्षरामागचा संकेत पाहते. 'वऱ्हाडे' या आडनावातला अर्धा र दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी माणसे वाटतात. 'कांबळे' आणि 'काम्बळे' यांचेही तेच. यावर आमचा गावठी तोडगा असा, की पूर्ण नाव न टाकता शेवटचा तुकडा टाकायचा. 'बळे' टाकले की दोन्ही येतात, सोबत ढोबळेही येतात, पण ते नजरेने वगळता येतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या याद्या तर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय सापडतच नाहीत, कारण पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत वेगळेच काही साठवलेले असते.

आणि जातीचा रकाना! त्यात कुणी 'बौद्ध' लिहिले होते, कुणी 'नवबौद्ध', कुणी 'महार', तर कुणी 'हिंदू महार'. कधी कधी एकाच घरात यांतले तीन प्रकार. १९५६ चे धम्मांतर आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत सामावणारी १९९० ची घटनात्मक आदेशातली दुरुस्ती, या दोन्हींच्या मधला सगळा इतिहास त्या एका रकान्यात साचला आहे. सॉफ्टवेअरवाल्याने सुचवले होते, यादी देऊन टाका, माणूस एकच पर्याय निवडेल, शोधायला सोपे. सोपे खरेच. पण ज्या आजोबांनी नागपूरच्या दीक्षेनंतर आयुष्यभर स्वतःला बौद्ध लिहिले आणि ज्यांच्या नातवाने दाखल्याच्या भीतीने महार लिहिले, त्यांना मी एका पर्यायात कसे बसवू? समाजशास्त्र शिकताना जनगणनेच्या रकान्यांनी जात कशी घट्ट केली यावर आम्ही उत्तरपत्रिका भरून लिहिले होते. तेच काम मी स्वतःच्या कार्यालयात कशाला करू?

म्हणून दोन रकाने ठेवले. एकात माणसाने जे सांगितले ते जसेच्या तसे, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यात शासनाच्या अर्जासाठी लागणारा प्रवर्ग. शोध दोन्हींत चालतो.

काही मित्र म्हणतात, चित्रांवर कशाला अवलंबून राहता, सरळ एसक्यूएल शिकवा. शिकवूच. पण आधी तक्ता दिसू दे, त्यात आपल्या गल्लीतली नावे दिसू देत, मग आज्ञांची भीती कमी होते. आमच्या एका मुलीने चौकटीत शोधता शोधताच विचारले, "ज्यांचा अर्ज गेलाय पण पैसे आले नाहीत अशी सगळी नावे एकदम नाही का निघणार?" तिथून तिची एसक्यूएल सुरू झाली.

हे करू पाहणाऱ्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. या साधनात केलेला बदल 'राइट चेंजेस' दाबेपर्यंत फाइलमध्ये जात नाही, म्हणून फक्त शोधायचे असेल तर फाइल 'रीड ओन्ली' उघडायची. आणि या फाइलमध्ये लोकांच्या जाती, आजार, उत्पन्न असते. एसक्यूएलसायफरची जोड असलेल्या आवृत्तीत फाइलला पासवर्ड लावता येतो. तो लावा, आणि ती फाइल व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका.